काजं पाडू नका!

“गेला!” वरून भोंगा ओरडला.

“आला नाही!” खालून मिरची ओरडली.

“अगं, गेला म्हणतोय ना!”

“अरे, आला नाही म्हणतेय ना!”

जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेल्या खोडरबरने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. “गप्प बसा दोघं! तुम्हीच असे बोंबलणार असाल, तर मी हा प्रोग्रॅम कशाला लिहितेय?”

सुट्टी लागली की मुलं पोहायला जातात, सायकली काढतात, निदान लोळत तरी पडतात. ही तिघं मात्र कपडे शिवायच्या कारखान्यात बसून एका काळ्या स्क्रीनशी भांडत होती. आणि स्क्रीन जिंकत होता!

झालं असं होतं, की आत्याचा आवाज बसला होता. आत्या म्हणजे भोंग्याची आई, आणि खोडरबर नि मिरची या दोघी बहिणींची आत्या. नाटकांचे कपडे शिवणाऱ्या या कारखान्यात ती मुख्य कटर होती. वरच्या मजल्यावर लांबलचक टेबलापाशी उभी राहून ती कापड बेतायची आणि कापायची. खालच्या हॉलमध्ये ते शिवलं जायचं. खाली मशिनींचा असा खडखडाट, की शेजारच्याचंही ऐकू येत नसे. मग आत्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची. वर्षानुवर्षं ओरडत आली होती बिचारी! शेवटी घशात गाठ आली.

“सुट्टी संपेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही,” डॉक्टरांनी बजावलं होतं.

“कुजबुजलं तर चालेल?” भोंग्याने आईच्या वतीने विचारलं.

“कुजबुजायचंही नाही. गाठ अशीच विरली तर उत्तम. नाहीतर कापावी लागेल, आणि मग आवाज परत येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही.”

घरी परतताना कुणीच काही बोललं नव्हतं. भोंगासुद्धा! आणि भोंगा गप्प म्हणजे प्रकरण किती गंभीर, ते समजून घ्या.

“फोनवर मेसेज का नाही करत?” असं तुम्ही विचाराल. कारखान्यात फोन चालतच नव्हते. फोनकडे बघता बघता शिवणाऱ्या एका मावशींच्या बोटातून सुई आरपार गेली होती. तेव्हापासून मॅनेजरकाका सकाळी सगळ्यांचे फोन आपल्या खणात कुलूप लावून ठेवत. स्वतःचा सोडून, अर्थात!

पहिल्या दिवशी मुलांनी चिठ्ठ्या पोचवल्या. जिना चढून-उतरून तिघांच्याही पायांचे तुकडे पडले. दुसऱ्या दिवशी भोंग्याने आईच्या वतीने ओरडून पाहिलं, तर खाली एका मावशी दचकल्या नि त्यांच्या मशिनची सुई मोडली. मग खोडरबरला एक गोष्ट सुचली. कारखान्यात दोन जुनाट कॉम्प्युटर होते, एक वर, एक खाली, मधे वायर. इतके मठ्ठ, की एक चित्र उघडेपर्यंत माणूस आंघोळ करून यावा.

“चित्रं नकोत, रंग नकोत, काही नको,” खोडरबर म्हणाली. “काळा स्क्रीन आणि पांढरी अक्षरं, बस्स! आत्याने वर टाइप करायचं, एन्टर दाबायचं, की खाली दिसायला हवं. शाळेत शिकवलंय आम्हाला. सोप्पंय!”

सोप्पंय म्हणे! पहिल्या प्रोग्रॅममध्ये एकाचं टाइप करून होईपर्यंत दुसऱ्याचा निरोप दारातच उभा राहायचा. दुसऱ्यात तो दारात थांबेना, पण आत शिरायचा तो थेट अर्धवट टाइप केलेल्या ओळीत घुसायचा आणि दोन्हींची खिचडी व्हायची. तिसऱ्यात मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटले. आत्या त्या चौकोनांकडे बघून हसली, पण खोडरबरला रडू फुटायचंच बाकी होतं. तिचं खोडरबर हे नाव उगीच नव्हतं पडलं. लिहिण्यापेक्षा खोडायचीच ती जास्त. खोड, लिही, पुन्हा खोड! अखेर मराठी रोमन लिपीत टाइप करायची असं ठरलं, आणि एकदाचा प्रोग्रॅम चालला.

खालच्या कॉम्प्युटरची जबाबदारी मास्तरांवर होती. मास्तर म्हणजे शिवणकामाचे प्रमुख. त्यांना काम सोपं जावं म्हणून खोडरबरने एक युक्ती केली होती. “मास्तर, काम संपलं की नुसतं एन्टर दाबायचं. वर आपोआप ‘झालं’ असं दिसेल.” हॉलमधल्या मावश्यांनी तर बारसंही करून टाकलं: काळी पाटी!

आणि मग काळी पाटी छळायला लागली.

सध्या एका नाटकासाठी मखमली कोट शिवणं चाललं होतं. मखमलीला लव असते. हात एका दिशेने फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर खरखरीत, आणि रंगही वेगळा दिसतो. आत्याने निरोप धाडला: “कॉलरची लव खाली.” मास्तरांना तो दिसलाच नाही. कॉलरी लव वर करून शिवल्या गेल्या, आणि एकाच कोटाचे दोन रंग दिसायला लागले. मावश्यांना सगळं उसवत बसावं लागलं.

खोडरबर धावत खाली गेली, तर निरोप स्क्रीनवर हजर!

“मास्तर, हा काय निरोप!”

“आत्ता आला तो,” मास्तर म्हणाले. “मघाशी नव्हता.”

“मघाशीच पाठवला होता!”

“मग मी खोटं बोलतोय का?” मास्तरांचा चेहरा लाल झाला. पांढऱ्या मिशांचा तो सरळ माणूस खोटं बोलत असेल, असं कुणालाच वाटेना. मग खोटं कोण बोलत होतं? कॉम्प्युटर?

खोडरबरने चिडून नवी भर घातली. खालच्या स्क्रीनवर निरोप उमटला, की वर “पोचला” असं उत्तर यायचं. आता कळलं असतं सगळं! पण कळलं एवढंच, की कधी “पोचला” लगेच येतं, आणि कधी येतच नाही. मग बऱ्याच वेळाने “पोचला, पोचला, पोचला” अशी एकदम रांग लागते. मास्तरांचं ‘झालं’ तर कधी येतच नाही. खोडरबरने सगळा प्रोग्रॅम खोडला. पुन्हा लिहिला. तेच! पुन्हा खोडला. पुन्हा तेच!!

“मी मूर्ख आहे,” ती म्हणाली.

“ते जुनंच आहे,” मिरची म्हणाली. “नवीन काय घडलं ते सांग.” आणि एक धपाटा खाल्ला.

नवीन घडलं ते त्याच दुपारी. नाटकाच्या वेशभूषेचं बघणाऱ्या बाई धापा टाकत वर आल्या. “अहो, बटणं नकोत! हूक लावा! दोन प्रवेशांच्या मधे नटांना कोट झटकन बदलायचेत. बटणं लावत बसले तर पडदा उघडेल नि हे उघडेच!”

आत्याने लगेच टाइप केलं: “काजं पाडू नका.” एन्टर.

काज म्हणजे बटणाचं भोक. शिवण चुकली तर उसवता येते. काज मात्र मशीन कापडच कापून पाडते. एकदा पडलं की पडलं, मखमल वाया!

“पोचला” आलं नाही.

आत्याने पुन्हा एन्टर दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही! खालून काजाच्या मशिनचा तो ओळखीचा कट्-कट् आवाज सुरू झाला. आत्या कात्री टाकून जिन्याकडे धावली. कठडा धरला, मान पुढे केली, श्वास भरला आणि तोंड उघडलं...

“आईऽऽ, नाही!” भोंग्याने तिच्या तोंडावर हातच ठेवला, आणि तिथूनच असा काही ओरडला, की भिंती हादरल्या. “काजं पाडू नकाऽऽऽ!”

मशीन थांबली. पण एका कोटाला काजं पडून गेली होती. आत्या पायरीवर मटकन बसली. आणि भोंगा रडत होता. लाजबीज सगळी गुंडाळून, हमसून हमसून रडत होता.

मॅनेजरकाका तरातरा आले. कोट बघून त्यांचा पारा चढला. “पुरे झाला हा पोरखेळ! उद्या सकाळी ही वायर काढून टाकतो. आणि ताई, तुम्हीसुद्धा जरा दोन शब्द बोललात तर काय बिघडणार आहे? डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. ते जमत नसेल, तर सुट्टीपुरता दुसरा कटर आणावा लागेल मला. आणि तो एकदा आला, की पुढचं मी काही सांगू शकत नाही.”

दोन शब्द म्हणे! मिरचीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. हे लक्षण वाईट होतं.

जिन्याखालच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर तिघांची बैठक बसली.

“हे काकांचंच काम आहे,” मिरची म्हणाली. “वायर त्यांच्या केबिनमधून जाते. तेच ती काढतात नि लावतात!”

“कशासाठी?” खोडरबरने विचारलं.

“दुष्ट आहेत म्हणून!”

“हा काही पुरावा नाही.”

“मग तुझ्या प्रोग्रॅममध्येच किडा आहे!”

“नाहीये! दहा वेळा खोडलाय मी तो!” खोडरबरचा आवाज फाटला. “मला नाही समजत काय होतंय! नाहीच समजत! आणि उद्या आत्या बोलली ना, तर ते माझ्यामुळे असेल.”

भोंग्याने नाक पुसलं. मग तो म्हणाला, “आपण सारखे स्क्रीनकडे बघतोय. जरा माणसांकडे बघू या का?”

बेत ठरला. भोंगा केबिनच्या दाराशी बसून बुटाची नाडी बांधणार, आणि दुसऱ्या हातात वायर धरून ठेवणार. मिरची खाली टांगलेल्या कोटांच्या रांगेत शिरणार. खोडरबर वरून सारखे निरोप सोडत राहणार.

भोंग्याने एवढा वेळ नाडी बांधली, की मॅनेजरकाकांनी मोबाइलवरच्या पत्त्यांच्या डावातून मान वर करून विचारलं, “बूट नवीन आहेत का रे?” वायरीला मात्र कुणी बोटही लावलं नाही. आणि तरीही वर “पोचला” यायचं थांबलं!

तेवढ्यात मिरची दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली, मागोमाग भोंगाही. केसांत मखमलीचे धागे, नाकाला खडू. “दिसलं! मला सगळं दिसलं! मास्तर निरोप वाचतात. मग माऊस धरतात आणि त्या ओळीवरून असा फर्रकन ओढतात. ओळ पांढरी होते. मग ते टेबलाशी जाऊन काम करतात. काम झालं की येऊन एन्टर दाबतात, आणि मग बदाबदा सगळे निरोप पडतात!”

“माऊस?” खोडरबर म्हणाली. “माझ्या प्रोग्रॅममध्ये माऊसचं कामच नाहीये! मी माऊससाठी एक अक्षरही लिहिलेलं नाही!”

“तू नाही लिहिलंस. पण माऊस टेबलावर आहे ना!”

खोडरबर वरच्या कॉम्प्युटरकडे वळली. इतक्या दिवसांत तिने एकदाही जे केलं नव्हतं ते केलं. माऊस धरून एका ओळीवरून ओढला. ओळ पांढरी झाली. “भोंग्या, खालून निरोप पाठव!” भोंगा पळाला. त्याने पाठवला. काही उमटलं नाही. आणखी पाठवला. काही नाही! काळी पाटी थिजल्यासारखी उभी. खोडरबरने एन्टर दाबलं, आणि दोन्ही निरोप टपाटप पडले.

“ओळ निवडली की स्क्रीन थांबतो,” ती पुटपुटली. “कॉम्प्युटरला वाटतं, कुणीतरी इथलं काही उचलून घेणार आहे, आत्ता हलायचं नाही! आणि एन्टर दाबलं की ती खूणच फक्त पुसली जाते. म्हणून ‘झालं’ वर येतच नव्हतं! अरे देवा! आणि मी प्रोग्रॅम खोडत बसले होते!” हसावं की रडावं ते तिला समजेना. तिने उशीसारखा एक गठ्ठा उचलला आणि त्यात तोंड खुपसून किंचाळली. मग तिला बरं वाटलं.

तिघं मास्तरांकडे गेली. “मास्तर, तुम्ही ओळ पांढरी का करता हो?”

“का म्हणजे? खूण नको करायला?” मास्तरांनी टेबलावरचा तुकडा दाखवला. त्यावर खडूची तिरकी रेघ होती. “तपासलेल्या प्रत्येक तुकड्यावर खडू ओढायचा, हा इथला शिरस्ता. स्क्रीनवर खडू चालेना, म्हणून मॅनेजरसाहेबांनी ही युक्ती दाखवली. म्हणाले, वाचलं की ओळ पांढरी करून ठेवा. म्हणजे फेरी मारताना मला लांबूनच दिसेल, काम कुठवर आलंय ते.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅनेजरसाहेबांनी!

“चला, सांगू या त्यांना!” भोंगा निघालाच.

मिरचीने त्याची कॉलर धरली. “सांगून मानतील ते? म्हणतील, स्वतःचं खापर माझ्या डोक्यावर फोडताय. त्यांच्याच हातून होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरकाका पक्कड घेऊन हॉलमध्ये आले, तेव्हा मिरची खालच्या कॉम्प्युटरपाशी हात जोडून उभी होती. एवढी गोड दिसत होती, की ओळखणाऱ्याने लगेच सावध व्हावं.

“काका, काढण्याआधी एकदा तुम्ही स्वतः चालवून बघा ना! मास्तरांना नसेल जमत. तुम्हाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं.”

“हं, ते आहे म्हणा,” म्हणत काका खुर्चीत बसले. मावश्यांनी मशिनी थांबवल्या. फुकटचा तमाशा कोण सोडेल!

निरोप उमटला: “नमस्कार साहेब.”

“बघा! वाचलं. आता ही अशी खूण करायची.” त्यांनी माऊस झोकात ओढला. ओळ पांढरीशुभ्र झाली. “शिस्त म्हणतात याला!”

आणि मग काहीच आलं नाही. काकांनी वाट पाहिली. खुर्चीत मागे रेलले. “बघितलंत? पडलं बंद! मी म्हणत नव्हतो? पोरांनी बनवलेल्या वस्तूचा भरवसा कसा धरायचा?”

तेवढ्यात जिन्यावर टाचांचा आवाज झाला. वेशभूषेच्या बाई खाली उतरत होत्या, आणि त्यांचा चेहरा काही बरा नव्हता. “अहो साहेब! मी केव्हाची वर उभी आहे! ताईंनी तुम्हाला निरोपावर निरोप पाठवले. माझ्या डोळ्यांदेखत पाठवले! तुम्ही काय झोपला होतात?”

“मला? छे! एकही निरोप नाही. हे बघा ना!”

“काका,” मिरची म्हणाली, “आता नुसतं एन्टर दाबा.”

काकांनी दाबलं.

“साहेब, बाई आल्यात, वर या.”

“साहेब, बाई वाट बघताहेत.”

“साहेब, बाई चिडल्यात.”

“साहेब, बाई खाली येताहेत, पळा!”

“साहेब, कृपा करून माऊसला हात लावू नका.”

हॉलमध्ये असा हशा पिकला, की मशिनींचा खडखडाट परवडला. मास्तर मिशीत हसत होते. काका स्क्रीनकडे बघत होते, मग माऊसकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे.

“म्हणजे... मी ओळ पांढरी केली, म्हणून...?”

“स्क्रीन थांबला,” वरून धावत आलेली खोडरबर म्हणाली. “कालही तसंच झालं. मास्तरांनी तुम्ही सांगितलेली खूण केली होती, आणि तिच्यामागे ‘काजं पाडू नका’ अडकून पडलं. आत्या ओरडणार होती, काका. तिचा आवाज गेला असता.”

कुणी हसेना. मॅनेजरकाकांनी पक्कड टेबलावर ठेवली. ते म्हणाले, “मी चुकलो. न बघता दुसऱ्यांना बोललो. आणि ताईंना जे बोललो, ते तर बोलायलाच नको होतं.” मग ते जिना चढून वर गेले आणि आत्यालाही तेच म्हणाले. आत्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. बोलता आलं असतं तरी तिने काही वेगळं केलं असतं असं वाटत नाही.

मास्तरांनी माऊस उपटून खणात टाकला, पण त्यांची एक तक्रार उरली. “मग मी खूण कुठे करू?”

खोडरबर त्यांच्यासमोर येऊन बसली. इतक्या दिवसांत तिने प्रोग्रॅम कितीदा तरी तपासला होता. मास्तर काम कसं करतात, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. “मास्तर, तुम्हाला कशी हवी खूण? तुम्ही सांगा, मी तशी करते.” आणि संध्याकाळच्या आत काम झालेल्या ओळीपुढे एक तिरकी रेघ आपोआप उमटायला लागली. अगदी खडूच्या रेघेसारखी.

मग सुट्टीभर काळी पाटी मुकाट्याने चालली. हूक लागले, कोट गेले, वेशभूषेच्या बाईंनी मुलांना नाटकाला पुढच्या रांगेत बसवलं. मॅनेजरकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगू लागले, “आमच्या पोरांनी बनवलंय बरं का!” आमच्या म्हणे!

सुट्टी संपताना डॉक्टरांनी आत्याचा घसा तपासला. गाठ विरली होती. “थोडं थोडं बोला,” ते म्हणाले. “पण ओरडणं कायमचं बंद!”

सगळे कारखान्यात तिच्याभोवती गोळा झाले. आता आत्या काहीतरी बोलणार! पण आत्या नेहमीसारखी स्क्रीनपाशी जाऊन बसली. स्क्रीनवर खालून आलेले निरोप होते. “ताई, या बाहीला अस्तर लावू का?” “ताई, इथे चुणी घेतली तर शोभेल, घेऊ?” “ताई, हा धागा कच्चा आहे, बदलते.” मावश्या एकेक करून टाइप करायला शिकल्या होत्या.

आत्याने खोडरबरला जवळ ओढलं. तिचा आवाज घोगरा होता, हळू होता, पण तिचा होता.

“पोरी, इतकी वर्षं मी जिन्यातून ओरडत आले,” ती म्हणाली. “वाटायचं, यांना नुसतं सांगायचं असतं. यांनाही मला काही सांगायचं असेल, हे माझ्या लक्षातच आलं नाही गं.”

मग तिने चष्मा पुसला आणि चुणीच्या निरोपाला उत्तर टाइप करायला घेतलं: “घ्या. छान सुचलं.”